फळ्यावर खांब कसा काढायचा?

मंडळी, गणित मंडळाच्या या फलकावर आज मी निव्वळ वैताग काढायला आलोय.

दुपारी धारवाडला माझं व्याख्यान होतं. माझ्या मार्गदर्शक सरांना पटलं, तरच हा विषय प्रबंधाला मिळणार. विषय असा: संमिश्र संख्यांच्या अवकाशातून काही आरसे काढून टाकायचे आणि उरलेल्या जागेचा आकार तपासायचा. साध्या आरशात दोनदा उलटलं की वस्तू मूळ जागी येते. यातल्या काही आरशांना तीन-तीन खेपा लागतात.

समजायला सोपं जावं म्हणून मी फळ्यावर आरसे म्हणून एका बिंदूतून तीन रेषा ओढल्या. तिथंच घात झाला.

"सहा तुकडे पडले, एकातही भोक नाही," सर म्हणाले. "संपलं की रे!"

"सर, तुकडे पडतच नाहीत. संमिश्र संख्यांत फळ्याच्या दोन मितींच्या चार होतात, म्हणून इथं आरसा म्हणजे भिंत नव्हे, खांब. त्याभोवती फिरता येतं. पण भोवती दोरी गाठ मारून बांधली, तर ती सुटत नाही."

"मग फळ्यावर ही भिंत कुणी काढली?"

अख्खा तास यातच गेला. तीन खेपांच्या आरशांचा माझा खरा प्रश्न तोंडातच राहिला.

बाहेर आलो, तर सर व्हरांड्यातल्या खांबाला साखळीनं बांधलेली आपली सायकल ओढत होते. कुलपाची किल्ली सापडत नव्हती.

"सर, तासभर मी हेच सांगत होतो!"

सरांनी साखळीकडं पाहिलं, खांबाकडं पाहिलं. "हौदल्ला, खरंच! मग आत खांबच काढायचा की!"

शनिवारी पुन्हा बोलावलंय. मंडळी, चार मितींतला खांब खडूनं काढायला कुणाला येतो का?