पहिल्या मरळीचं पान

मनसाराम ढिवराले लिहिता येत नव्हतं, चितारता येत होतं. लग्नघरच्या भिंतीवर गेरू-काजळानं हत्ती, घोडे, नवरा-नवरी काढाले आजूबाजूच्या गावांतून त्यालेच बोलावणं ये. पोट मात्र तलावावर. गावात ढिवरांची बावीस घरं, आन् बावीसही चुली तलावाच्या मासोळीवर पेटत.

एक्कावन साली मालगुजारी, मंजे गावची जमीनदारी, गेली. मालगुजाराचा तलाव सरकारजमा झाला. आम्हाले वाटलं, बरं झालं. मंग कोतवालानं दवंडी देली: मासोळीचा हक्क कोणाचा, याची चौकशी साहेब करणार हाय. ज्याच्याकडं पुरावा असन त्यानं आणावा, नाईतं तलावाचा लिलाव होईन. पुरावा मंजे कागद. ढिवरांकडं जाळे होते, डोंगे होते. कागद कुठून येईन?

शाळेत भैयाजी मास्तर एकटाच. त्याले नागपुरातून हप्त्याचा छापील पेपर ये. त्याच्या मागच्या पानावर चार चौकोन, चार चित्रं: एक लठ्ठ माणूस, एक छत्री, चौथ्या चौकोनात माणूस चिखलात. मनसाराम मास्तराच्या ओट्यावर बसून ते पान पाहे. एक दिवस म्हणाला,

"मास्तर, हा लठ्ठ्या दर हप्त्याले पडते. म्हातारा कवा होते?"

"तो कायले म्हातारा होईन गा? हसाले ठेवला हाय त्याले."

"बायको मरत नाई त्याची? पूर नाई येत?"

"नाई."

"मंग ही गोष्ट नोहे, मास्तर. फटाका होय. फुटला, संपला. मधातला एखादा हप्ता चुकला तरी काई बिघडत नाई." त्यानं चौकोनांवरून बोट फिरवलं. "चौकोन मात्र कामाचे हायेत. एकामागं एक ठेवत गेलं तं माणसाचा अख्खा जलम मावन त्याच्यात. तलावाचाई मावन."

मास्तरानं जुन्या परीक्षेचे कागद देले, एका अंगानं कोरे. चिमूरच्या बाजारातून नीळ आणली, पिवळा पळसफुलाचा, काळं काजळ. चार महिने मनसाराम म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांच्या दारी बसून पुसत गेला आन् काढत गेला. त्याची बायको गोकुळा एकटी डोंगा लोटे आन् दारातून बोले, "माणसं कागदावर मासोळ्या धरून राह्यले. रात्री त्याच शिजवतो तुमाले."

पान पहिलं: मनसारामाचा पणजा टोपलीनं तलावाच्या पाळीवर, बांधावर, माती टाकून राह्यला. मंग पाळ उंच होते, पाळीवरचा आंबा वाढते, पणजा वाकते, मरते, आजा डोंग्यात बसते. एका पानात एक शब्द नाई, नुस्ते पालथे डोंगे. ते मानमोडीच्या तापाचं साल, घरोघरी माणसं मेली ते. बोलणं मास्तर लिही. त्यानं एका जागी "आम्ही तलाव खणला" लिहिलं तं मनसारामानं हात धरला.

"माह्या पणज्याले पुण्याची बोली कोणं शिकवली गा? आमी तलाव खांदला, असं घाला."

एक्केचाळीस पानं झाली, शिवून पुस्तक केलं. त्यात सतरावं त्याचं लाडकं. त्याच्यावर दोनदा रंग चढवला. सालातलं पहिलं जाळं पडलं का पहिली मोठी मरळ पळसाच्या पानावर ठेवून मालगुजाराच्या दारी न्यायची, ही रीत. चित्रात आजा पागोटं काढून, वाकून मरळ पुढं करते. आतून मालकीणबाई कुंकू आन् धोतर घेऊन येते.

चौकशीच्या दिवशी साहेब शाळेत खुर्ची टाकून बसला. बावीस घरं बाहेर उकिडवी. मनसारामानं पुस्तक पुढं केलं तं तो हसला. "हे काय? पोरांचं चित्रांचं पुस्तक आणलंस?"

"पहिल्यापासून पाहा साहेब. मधातून नोका पाहू."

पाच-सहा पानं साहेब हसत होता. मंग हसणं थांबलं. पालथ्या डोंग्यांच्या पानावर तो लय वेळ थांबला, चष्मा पुसला. बाजूले बसलेला लच्छू ढिवर माह्या कानात म्हणाला, "जिंकला गा मनसाराम."

सतरावं पान आलं.

"ही मासोळी कोणाला देतोय हा?"

"मालगुजाराले, साहेब. दरसाल पहिली."

"न देता जाळं टाकलं असतं तर?"

मनसारामाले खोटं बोलता आलं असतं. "तसं कोणं केलंच नाई, साहेब."

"म्हणजे हा नजराणा झाला. मालगुजाराच्या परवानगीनं तुम्ही मासे धरत होता. त्याचा हक्क आता सरकारचा."

"साहेब, ज्याचं असते तोच देते ना? आमचं होतं म्हणून देलं."

"असेलही. पण चित्रात वाकलाय तुझा आजा. मालगुजार नाही वाकला."

पुस्तक बांधून साहेब घेऊन गेला. माघ महिन्यात लिलाव झाला, चांद्याच्या ठेकेदारानं तलाव घेतला.

लच्छू चवताळून दारात आला. "ते एक पान चुलीत घालाचं होतं! चाळीस पानांत तुह्यं पोट भरत नव्हतं काय?"

"सतरावं काढलं तं अठरावं कुठून येईन?" मनसाराम म्हणाला. "आज्यानं मरळ देली म्हणून मानमोडीमागच्या दुकाळात मालगुजारानं धान देलं. धान होतं म्हणून माहा बाप जगला. तुहाई. मधातलं पान काढता येते, असं ते पुस्तक नोहे."

"मंग आता खाय तुह्यं पुस्तक."

पुस्तक तरी परत भेटन म्हणून मनसाराम कचेरीत गेला. बारा कोस पायी. तीनदा बाबू जागेवर नव्हता. चौथ्यांदा भेटला, फाईल काढली. तिच्यात एकच पान, शिक्का मारलेलं. आजा वाकलेला.

"बाकीचे, बाबूजी?"

"बाकीचे कामाचे नव्हते. पुरावा एवढाच."

"हे एकटं पाहून कोणाले काय समजन?"

"समजायचं ते समजलं," बाबू म्हणाला आन् फाईल बांधली.

त्यानंतर मनसारामानं लग्नाची भिंत धरली नाई. बोलवाले आले तं म्हणे, हात कापते. हात कापत नव्हता. ठेकेदाराचे जाळे तोच विणे, आठ आणे रोजीनं, एक गाठ चुकत नसे. गोकुळा सडकेच्या कामावर गिट्टी फोडाले गेली. सत्तावन साली, उन्हाळ्यात, तो मेला. बावीसातली नऊ घरं तोवर गाव सोडून गेली होती. उरलेली तेरा घरं आपापल्या दारातच उभी राह्यली; खांदा द्याले ठेकेदाराचे माणसं आले.