डाव्या पंखाचं काम

मुखरू ढिवराच्या घरात शिरताना वाकावं लागे, आणि दार चांगलं उंच होतं. आढ्याला विमानं टांगलेली असत. बांबूच्या कामट्यांची, सावरीच्या लाकडाची, एक तर वाळलेल्या भोपळ्याचं. त्यातलं एखादं नेमकं पाहुण्याच्या कपाळाला लागे आणि गोल फिरून पुन्हा लागे. गोंडपिपरीच्या अलीकडे सावरटोला नावाच्या छोट्या वस्तीत तलावावर जाळं टाकून जगणारी थोडी घरं होती. त्यांत कोणाला तंबाखूचा नाद, कोणाला कोंबड्यांच्या झुंजीचा, कोणाला दुसऱ्याच्या घरचं भांडण मिटवायचा. मुखरूला विमानांचा.

"का गा मुखरू," तलावाच्या पाळीवर बसून भैयाजी पंच विचारत, "आता मासोळ्या वरून धरतं का?"

"वरून दिसतात तरी भाऊ. तुमाले पाण्यात उभं राहूनही दिसत नाई."

पाळीवरची माणसं हसत. भैयाजीही हसत, पण ते जरा उशिरा.

या नादाचं मूळ इस्तारी, मुखरूचा धाकटा भाऊ. लढाईच्या दिवसांत तो भरती झाला, तेव्हा लग्नाला वर्षही उलटलं नव्हतं. तिकडे आसामच्या बाजूला एका विमानतळावर तो तांदळाची पोती विमानात चढवी. मग त्याच विमानात बसून ब्रह्मदेशाच्या जंगलावर जाई आणि उघड्या दारातून पोती लाथेनं खाली ढकली. एकदा सुटीवर आला तेव्हा अंगणात बसून त्यानं हे सगळं सांगितलं. कोणाचाच विश्वास बसला नाही. दार उघडं ठेवून विमान उडतं, ही तर भैयाजींनी सरळ थाप ठरवली. सुटी संपली, इस्तारी गेला, आणि पुढे एक दिवस त्याचं विमान गेलं ते परत उतरलंच नाही. सरकारनं कळवलं ते एवढंच, की सापडत नाही.

मेला म्हटलं असतं तर काय करायचं ते टोल्याला माहीत होतं. वैनगंगेच्या पुरात माणूस जातो आणि मढं हाती लागत नाही, तेव्हा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि मग तेरवी होते. पण मुखरूची माय रुखमाबाई अडून बसली.

"नदीत गेला असता तर मले समजलं असतं," ती म्हणाली. "नदी मी पाह्यली आहे. विमान मी पाह्यलं नाई. जे पाह्यलंच नाई त्यात माहा लेक मेला, असं कसं म्हणू? पानं जाळाची असन तर आधी मले ते विमान दाखवा."

आता विमान कुठून दाखवायचं? मुखरूनं स्वतः पाहिलं होतं ते आभाळात, घारीएवढं. तरी त्यानं बांबूच्या कामट्या चिरल्या आणि पहिलं विमान केलं. रुखमाबाईनं ते हातात घेऊन उलटंपालटं केलं. "हा तर मासोळ्या धराचा डोंगा आहे," ती म्हणाली. मुखरूनं दुसरं केलं. त्यात माणूस मावेना. तिसऱ्याला दार करायचंच राहिलं. असं होता होता वर्षं गेली, इंग्रज गेला, आणि आढं भरलं.

या सगळ्यात खरी अडकली होती ती इस्तारीची बायको, गिरजा. नवरा सापडत नाही म्हणून ती विधवा नव्हती. नवरा येत नाही म्हणून तिला संसार नव्हता. कपाळावर रोज कुंकू लावून ती सासूची चूल सांभाळत होती. जातीत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागत असे, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. नदीकाठच्या गावातल्या घनश्यामनं, त्याची बायको वारल्यावर, गिरजेसाठी भैयाजींकडे शब्दही टाकला होता. माणूस सरळ होता. पण पाट लागायचा तर गिरजा आधी विधवा व्हायला हवी होती, आणि त्यासाठी रुखमाबाईला विमान दिसायला हवं होतं.

गिरजेचं मत मुखरूला कसं कळावं? मुखरू तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्याशी बोलायचं नाही, त्याच्यासमोर तोंड उघडं टाकायचं नाही, ही रीत. त्यामुळे एका अंगणात राहूनही या दोघांनी एकमेकांशी कधी एक शब्द उच्चारला नव्हता. सगळा कारभार चांदी नावाच्या शेळीमार्फत चाले.

"चांदे, तुह्या मालकाले सांग, भाकर थंडी होऊन राह्यली."

"चांदे, सांगून दे, हात धुवून आलोच."

शेळी दोन्हीकडचं ऐकून घेई आणि पाला खात राही. एवढा इमानदार मध्यस्थ टोल्यात दुसरा नव्हता.

मग एका उन्हाळ्यात बिरजू आला. हा इस्तारीसोबत त्याच विमानतळावर होता. आता बल्लारशाच्या कागद कारखान्यात ट्रक चालवत होता. तिथला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना आपलं सामान वाटून गेला, त्यात पुठ्ठ्याचा एक मोठा खोका बिरजूच्या वाट्याला आला. खोक्यावर विमानाचं चित्र होतं. ते पाहून बिरजू कारखान्याच्या फाटकातच खाली बसला होता, असं त्यानं सांगितलं.

"हेच गा मुखरूभाऊ. डाकोटा. ह्याच्यातच."

खोक्यात करड्या प्लॅस्टिकचे तुकडे होते. चिंचेच्या डहाळीला चिंचा लोंबाव्या तसे काड्यांना चिकटलेले. प्लॅस्टिक म्हणजे टोल्याला कंगवा तेवढा ठाऊक. हे तुकडे सोडवून, चिकटवून, सगळं विमान उभं राहणार होतं, हातभर लांब, आणि पंख त्याहून रुंद. सोबतच्या कागदावर इंग्रजी होतं. त्याची अडचण नव्हती, चित्रं होती.

"आन् दार हे," बिरजूनं बोटानं दाखवलं. "असंच उघडं राहे."

मुखरूनं त्याच दिवशी भैयाजींना बोलावून मायसमोर सांगून टाकलं, की हे विमान जोडून झालं की माय पाहील, मग पुतळा, मग तेरवी, मग गिरजेच्या पाटाचं काय ते पंचांनी पाहावं. भैयाजींनी मान डोलावली. चुलीपाशी गिरजेनं फुंकणी खाली ठेवली. शेळीला मात्र ती काही बोलली नाही.

मुखरूची बोटं जाळ्याच्या गाठी मारून तयार झालेली. खिडक्या, चाकं, पंखे, एकेक तुकडा तो पाटीवर घासून बसवत गेला. नळीतला डिंक जपून वापरी. सकाळी तलावावरून आला की अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली बैठक, ती ऊन कलेपर्यंत. विमानाचं धड उभं राहिलं, शेपूट बसली, उजवा पंख लागला. राहिला डावा.

डावा पंख ट्रकमध्ये उन्हानं थोडा वाकला होता. वाकलेला बांबू सरळ कसा करायचा हे मुखरूला कोणी शिकवायची गरज नव्हती. निखाऱ्यावर धरायचा, ओल्या फडक्यानं चोळायचा, गुडघ्यावर दाबायचा. त्यानं पंख निखाऱ्यावर धरला. पंखानं आधी मान टाकली, मग अंग आवळलं, आणि मुखरू फडकं उचलतो तोवर त्याचा गोळा झाला. अंगणभर कडवट वास सुटला.

"चांदे," गिरजा आतून म्हणाली, "कोणी पापड जाळला का?"

उत्तर आलं नाही म्हणून ती दारात आली. मुखरूच्या हातातला काळा गोळा तिनं पाहिला. तशीच आत गेली आणि त्या दिवशी शेळीशीसुद्धा बोलली नाही.

मुखरूनं शिवणीचं लाकूड आणलं. हलकं आणि न तडकणारं. त्यातून नवा पंख कोरायला घेतला, उजव्यावर धरधरून.

"झाला का पंख?" भैयाजी विचारत.

"होऊन राह्यला भाऊ."

पावसाळा गेला, धान कापून झालं. पंख होऊनच राहिला होता. घनश्यामचा निरोप आला, गेला. पाळीवरची माणसं म्हणू लागली, की खऱ्या विमानाच्या कारखान्यातही एवढं घासत नसतील. मुखरू हसे आणि घासत राही.

घासताना त्याला बरं वाटे. इस्तारी लहान असताना असाच शेजारी बसून जाळ्याचा दोरा गुंडाळायचा आणि नको तिथं गाठ मारून ठेवायचा. आता मोहाखाली बसलं की तो पुन्हा शेजारी येऊन बसल्यासारखा वाटे. पोती कशी ढकलतात, खाली जंगल कसं दिसतं, हे सांगू लागे. तेव्हा मुखरूनं नीट ऐकलं नव्हतं. आता ऐकत होता. पंख लागला की हे बोलणं संपणार, हे त्याला पक्कं समजलं होतं. ते तो कोणाला सांगणार? शेळीला सांगण्यासारखं ते नव्हतं.

होळीच्या आधी गिरजा घर सारवायला निघाली. आढ्याखालच्या माळ्यावरून तिनं जुन्या टोपल्या उतरवल्या. त्यामागं धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लागलं. तिनं सोडून पाहिलं. पंख होता. पूर्ण झालेला, तेल पाजून वाळवलेला, वर धूळ बसलेला.

आणि अंगणात मोहाखाली मुखरू अजून एक पंख घासत बसला होता.

रुखमाबाई उंबऱ्याशी सुकवलेल्या मासोळ्या निवडत होती. गिरजा तिच्या बाजूनं अंगणात उतरली. शेळी खुंट्याला होती, तिच्याकडे तिनं पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि थेट मुखरूसमोर जाऊन उभी राहिली.

"हा पंख झाला आहे," ती म्हणाली.

मुखरूनं मागं वळून पाहिलं, दुसरं कोणी उभं आहे का म्हणून. कोणी नव्हतं.

"तुमालेच म्हणतो मी. हा पंख झाला आहे. कदचा झाला आहे."

रुखमाबाईच्या हातातली मासोळी तशीच राहिली.

"थोडा घासाचा आहे," मुखरू जमिनीकडे पाहत पुटपुटला.

"कुठी घासाचा आहे? दाखवा." तिनं पंख त्याच्यापुढे धरला. "मी हात फिरवला. कुठीच काई टोचत नाई."

मुखरूनं हातातलं लाकूड खाली ठेवलं.

"हा जोडला का इस्तारी गेला," तो म्हणाला. "अदुगर गेला नव्हता. मी जोडला का जाते."

"आन् नाई जोडला तर येते का?" गिरजेचा आवाज चढला नव्हता. "येते म्हणान तर मी हा चुलीत घालतो आन् वाट पाहतो. सांगा, येते का?"

मुखरूनं मांडीवरचा भुसा झटकला.

"वाट तुमी पाहून राह्यले. पण कुकू मी लावून राह्यली. रोज."

उंबऱ्यावरून रुखमाबाई म्हणाली, "मुखरू, जोड."

डिंकाची नळी अर्धी वाळली होती. टोचून, दाबून त्यानं उरलेला डिंक काढला. लाकूड आणि प्लॅस्टिक एकमेकांना लवकर धरत नाहीत, आणि विमानही सांभाळायचं आणि पंखही, हे एका माणसाच्या हाताचं काम नव्हतं. मुखरूनं आजूबाजूला पाहिलं.

"धर," तो गिरजेला म्हणाला. "हलवू नको."

तिनं पंख धरला. डिंक वाळेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले, एक या टोकाला, एक त्या.

मग विमान रुखमाबाईच्या मांडीवर ठेवलं. तिच्या डोळ्यांत एव्हाना फूल पडलं होतं, नीट दिसत नसे, म्हणून ती हातानं पाहू लागली. शेपटीवरून धडावर, धडावरून पंखावर. शिवणीच्या पंखाशी बोटं थोडी थांबली, पुढे गेली. मग दारात तिचं बोट शिरलं.

"इथी उभा राहे?"

"हो माय."

"धराले काई?"

"बिरजू म्हणे, कमरेले पट्टा बांधून घेत."

रुखमाबाईनं बोट तिथंच ठेवलं. "म्हणजे खाली पडला नसन. आतच असन, बाकीच्यायसंग."

"आतच माय."

"एकटा नव्हता मंग." तिनं विमान बाजूला सारलं. "पळसाची पानं आण."

तलावाच्या पाळीखाली पुतळा जळाला. गिरजेच्या बांगड्या तिथंच फुटल्या, कुंकू पुसलं. भैयाजी पूर्ण वेळ टोपी हातात घेऊन उभे होते आणि एकही चेष्टा त्यांच्या तोंडून निघाली नाही. कोणीतरी म्हणालं, विमानही चितेवर ठेवा. रुखमाबाई म्हणाली, "ते कशाले? त्यात कोणी बसलं नाई." मग ते राहिलं.

वैशाखात घनश्याम चार माणसं घेऊन आला. अंगणात चटई घातली. गिरजेला माहेरचं कोणी उरलं नव्हतं, तेव्हा भैयाजींनी पंचाच्या आवाजात विचारलं, "पोरीच्या बाजूनं भाऊ म्हणून कोण बसते?"

मुखरू पुढे झाला.

"तू?" भैयाजी म्हणाले. "तू भासरा होय ना गा. भासरा कसा बसन?"

"ते माह्यासंग बोलली आहे भाऊ," मुखरू म्हणाला. "तोंडातोंडी. माय साक्षीले आहे. आता मी भासरा कुठी राह्यलो?"

रीत मोडली तर दंड, हे भैयाजींना तोंडपाठ होतं. रीत मोडून असं काही झालं तर काय करायचं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी रुखमाबाईकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. मग त्यांनी घनश्यामकडे पाहिलं, तो खाली पाहत होता. भैयाजींनी तंबाखूची पिचकारी दूर टाकली, धोतर सावरलं, आणि चटईवर थोडं सरकून मुखरूला बसायला जागा केली.