रेणुकानं माझं नाव सांगितलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मी सोलापूरच्या आसपास गावोगावी बायकांना त्यांचे हक्क समजावत फिरते. जगातल्या देशांनी बायकांसाठी एक करार केलाय, आपला देशही त्यात आहे, असं सांगते. बाईवर अन्याय झाला तर तिचं ऐकून घेतलं पाहिजे, तिला भरपाई मिळाली पाहिजे, तसं पुन्हा होणार नाही याची हमी मिळाली पाहिजे. बायका मन लावून ऐकतात. आणि मी — मी कोण हे सांगणारी?

त्याआधी मी शहरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात होते. शेजारच्या मशीनवर रेणुका. कुंभारीहून यायची. डब्यातली शेंगाचटणी आधी माझ्या भाकरीवर वाढायची. एका दुपारी मॅनेजरनं तिला कापडाच्या खोलीत धरलं. ती हात सोडवत होती. मी दारातच होते. तिनं माझ्याकडे पाहिलं — आणि मी काय केलं? मागे फिरले.

तिनं धीर करून कारखान्याच्या तक्रार समितीकडे तक्रार केली. साक्षीदार म्हणून एकच नाव दिलं. माझं. समितीतल्या बाईंनी मला विचारलं, तेव्हा रेणुका समोरच बसली होती.

“मी काही पाहिलं नाही,” मी म्हणाले.

मला कुणी धमकावलं नव्हतं. सुपरवायझरची जागा रिकामी होणार होती, ती मला हवी होती — एवढंच. ती मिळालीही. तक्रार सिद्ध झाली नाही, आणि रेणुकाला काम सोडावं लागलं.

गेल्या वर्षी वळसंगच्या बैठकीत ती दिसली. पुढेच बसली होती. माझं बोलून झाल्यावर शांतपणे म्हणाली, “ताई, साक्षीदारच खोटं बोलला, तर बाईनं कुटं जायचं?”

मी उत्तर दिलं. अपील करता येतं, कोर्टात जाता येतं — सगळं अगदी बरोबर सांगितलं.

“मुदत गेली की,” ती म्हणाली.

बाकीच्यांना वाटलं, कायद्याचंच बोलणं चाललंय. रेणुका माझ्याकडे बघत राहिली. खरं तेव्हाही सांगता आलं असतं — त्याच बायकांसमोर, तिच्यासमोर.

मी तिच्या मागे बसलेल्या बाईला म्हणाले, “तुमचा काय प्रश्न होता?”