तेरावं घातलेला लेक

पिंपळीची ती म्हातारी आजही माझ्या डोळ्यांसमोर येते. एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी बारामती ठाण्यात फौजदार होतो. एका सकाळी खबऱ्या आला. "सायेब, पिंपळीत पाकिस्तानी लपलाय."

त्याचे कागद ठाण्यात आलेच होते. शंकर (नाव बदललं आहे) फाळणीआधी कराची बंदरात हमालीला गेला आणि तिथंच अडकला. पासपोर्ट मिळाला तो पाकिस्तानचा. त्यावर तो आईला भेटायला आला. पण व्हिसाची मुदत संपली तरी ठाण्यात हजेरी नाही. सापडला की परत पाठवायचा, असा वरून हुकूम.

हवालदाराला घेऊन मी पिंपळी गाठली. पोलीसपाटील म्हणाले, "शंकर मेला, सायेब. तेरावं जेवलोय आमी." ज्याचा जबाब घ्यावा तो तेच सांगे. खोटं बोलणारे एकमेकांकडे चोरून बघतात. इथं कुणी बघेना. मी चक्रावलो.

शंकरची आई म्हणजेच ती म्हातारी. तिच्या मळ्यात चाळिशीचा एक गडी वांग्यांना पाणी देत होता.

"हा कोण, आजी?"

"माझा नवनाथ."

"वय?"

"दोन म्हैन्यांचा हाय."

हवालदार फिसकन हसला. मी मात्र बाजेवर टेकलो आणि तिला बोलू दिलं.

फाळणीनंतर खबर नाही, म्हणून घरच्यांनी त्याचे दिवस घातले होते. असा माणूस परतला की त्याचा नवा जन्म धरायचा, ही त्यांची रीत. म्हातारीनं पाळणा बांधून त्याचं बारसं केलं, घुगऱ्या वाटल्या. जुन्या नावानं हाक मारली तर मरण माग काढत येईल, ही तिची भीती.

"आजी, इथं जन्मलेल्याला अर्ज करून इथला नागरिक होता येतं," मी म्हणालो. "पण सरकार शंकरला ओळखतं, नवनाथला नाही. शंकर तुमच्या पोटचा, हे मामलेदारांपुढं तुम्हीच सांगायला हवं."

"आन् न्हाय सांगितलं तर?"

"त्याला जावं लागेल."

मी मुदतवाढीचा रिपोर्ट वर पाठवला आणि दोघांना कचेरीत नेलं. तिनं लेकाचा हात घट्ट धरला.

"ह्यो शंकर. माझा शंकर हाय ह्यो." मग लगेच छताकडं बघत म्हणाली, "म्या सरकारला बोलले, देवा. तू ऐकू नगंस."

माझे डोळे भरून आले. पुढं अर्ज मंजूर झाला आणि लेक पिंपळीतच राहिला. खोटं पकडण्यात माझी हयात गेली. पण सगळे खरं बोलत असतानाही माणूस देशोधडीला लागू शकतो, हे मला त्या प्रकरणानं शिकवलं. तिच्या लेखी ते नाव घेणं म्हणजे लेकाच्या मरणाला हाक मारणं होतं. लेक इथं राहावा म्हणून तिनं ते घेतलं.