ओतिलियाच्या मुखवट्याची नाडी

ओतिलिया बार्रासाच्या आणि आमच्या घरांमध्ये एकच भिंत होती. ती इतकी पातळ होती, की तिचे वडील डॉन उबाल्दो पलीकडे शिंकले तर माझी आई इकडून "देव भलं करो" म्हणायची. तोर्रेऑन शहरातल्या आमच्या गल्लीत बार्रासांचं घर सगळ्यांना ठाऊक होतं. आजोबा जत्रेच्या तंबूत कुस्त्या खेळले होते, आई डोन्या कुका मुखवटे शिवायची आणि परसात कापूस ठासून भरलेली मोठी गादी कायमची अंथरलेली असायची. त्या घरातली मुलं चालायच्या आधी पडायला शिकली.

आमच्याकडे मार्चमध्ये धुळीची वादळं येतात. भर दुपारी दिवे लावावे लागतात, दात धुळीने कचकचतात. त्या वादळाला आम्ही तोल्वानेरा म्हणतो. डॉन उबाल्दोही मुखवटा घालून कुस्ती खेळायचे, आणि रिंगणात त्यांनी तेच नाव घेतलं होतं, एल तोल्वानेरो. मातकट मुखवटा आणि कपाळावर तपकिरी भोवरा. उकाड्यात गल्लीतले सगळे पुरुष उघडेबंब बसायचे, पण डॉन उबाल्दो दाढी करायलासुद्धा दार लावून घ्यायचे, कारण मुखवटेवाल्याचा चेहरा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ओळखला तरी तसं बोलायचं नसतं.

त्यांना दोन मुलं. थोरला रोसेंदो दिसायला देखणा, बोलायला गोड. धाकटी ओतिलिया. रोसेंदो गादीवर पडला की पोतं टाकल्यासारखा आवाज यायचा. ओतिलिया पडली की टाळी वाजल्यासारखा. भिंतीपलीकडून ऐकूनही मला कळायचं, कोण पडलं ते.

पंधरा वर्षं पुरी झाली की आमच्याकडे पोरीसाठी घेरदार झगा शिवतात, चर्चमध्ये नेतात, नाचगाणं करतात. ओतिलियाने झगा नको म्हणून सांगितलं.

"मग काय हवंय, पोरी?" डॉन उबाल्दोंनी विचारलं.

"मुखवटा, अपा. तुमच्यासारखा."

डोन्या कुकाने कपाळावर हात मारला, पण महिनाभराने मुखवटा तिनेच शिवला. डॉन उबाल्दोंनी स्वतःच्या हाताने मागची नाडी ओढून बांधली आणि म्हणाले, "राजधानीत बायकांच्या कुस्तीला बंदी आहे. आज ना उद्या उठेल. उठली की पहिल्या रविवारी तू तिथल्या मोठ्या रिंगणात असशील, हाच मुखवटा घालून. आणि कोपऱ्यात मी."

या एका वाक्यावर तिने पुढची सगळी वर्षं काढली. सकाळी पीठगिरणीत काम, दुपारी गादीवर तालीम, शनिवार-रविवारी कुस्ती. चिवावा, साल्तियो, मोनक्लोवा अशी गावं, कुठे बसने तर कुठे भाजीच्या ट्रकमधून. माझी आई आमच्या आखाड्याच्या दाराशी गोर्दिता विकायची. भाजलेल्या जाड भाकरीला चीर देऊन आत मांस आणि मिरची भरायची. मी मदतीला असायचे, आणि ओतिलियाची कुस्ती असली की कढई आईवर टाकून आत पळायचे. रिंगणात तिचं नाव तोल्वानेरा; आतल्या बायका त्या नावाने घसा फोडायच्या. "ए तोल्वानेरा, डोळ्यांत धूळ टाक तिच्या!" वरच्या दोरावरून ती झेप घ्यायची तेव्हा पुरुषसुद्धा उभे राहायचे.

आता एक गोष्ट सांगते. आमच्या कुस्तीत कोण जिंकणार हे आधी ठरतं. सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. पण वरून झेप घेणाऱ्याला खालच्याने झेलायचं, हे ठरवावं लागत नाही. शत्रू असला तरी झेलायचं. तेवढ्या भरवशावर माणूस दोरावर चढतो.

पंच्याऐंशी साली राजधानीतला एक आयोजक आला. सिन्योर बार्सेनास. पांढरे बूट घालणारा माणूस. त्याने मुखवट्याची पैज ठरवली. हरणाऱ्या बाईने भर रिंगणात मुखवटा उतरवायचा आणि आपलं खरं नाव सांगायचं. एकदा उतरवलेला मुखवटा त्या बाईला पुन्हा कधी घालता येत नाही. समोर होती माक्लोव्हिया, दुरांगोची, रिंगणातलं नाव 'विंचवीण'. डॉन उबाल्दोंनी घरी येऊन सांगितलं, "मुखवटा विंचवीण गमावणार. तिसऱ्या फेरीत तू डाव्या खांबावरून झेप घ्यायची, ती झेलेल, खाली जाईल, पंच तीन अंक मोजेल, संपलं."

रोसेंदोने आठवडाभर तिच्याकडून ती झेप करून घेतली. तो खाली उभा राहायचा आणि ती वरून यायची. मी परसातल्या भिंतीवर कोपरं टेकून बघत होते.

"अजून उंच," तो म्हणायचा. "खाली बघू नकोस गं. ती असेलच तिथे."

"आणि नसली तर?"

"तर विंचवाला घाबरलीस असं सांगेन सगळ्यांना!" तो हसला. तीही हसली.

त्या रविवारी सकाळी डोन्या कुकाने तिला परसात खुर्चीवर बसवलं, केस धुतले, तेल लावून घट्ट वेणी घातली आणि निळी रिबीन बांधली. कानात स्वतःच्या सोन्याच्या बाळ्या घातल्या.

"अमा, मुखवट्याखाली कोण बघतंय हे?" ओतिलिया वैतागली.

"गप्प बस. मान हलवू नकोस," डोन्या कुका म्हणाली. ती रडत होती. मला वाटलं, पोरगी जिंकणार म्हणून.

पहिली फेरी ओतिलियाची, दुसरी विंचविणीची. तिसऱ्या फेरीत विंचवीण मधोमध डळमळत उभी राहिली. कोपऱ्यातून डॉन उबाल्दो ओरडले, "आता! जा!" ओतिलिया डाव्या खांबावर चढली. आखाडा उभा राहिला. तिने खाली बघितलं नाही. तिने झेप घेतली आणि विंचवीण दोन पावलं बाजूला झाली.

तो टाळीचा आवाज नव्हता. खांदा निखळला तिचा. विंचवीण अंगावर बसली, पंचाने तीन अंक मोजले. ओतिलिया मान वळवून कोपऱ्याकडे बघत होती. बापाने काहीतरी करावं म्हणून, पंचाला थांबवावं, निदान ओरडावं. डॉन उबाल्दो दोराखालून आत आले. तिला उठवून उभी केली. आणि तिच्या मागे उभे राहून मुखवट्याची नाडी सोडायला लागले.

"अपा, ती सरकली! ठरल्याप्रमाणे नाही झालं! सांगा त्यांना!"

"सरळ उभी राहा," ते म्हणाले. "लोक बघतायत."

त्यांनी नाडीचा एकेक वेढा सावकाश सोडवला. मुखवटा निघाला. खाली नीट विंचरलेले केस, निळी रिबीन, सोन्याच्या बाळ्या. फोटोवाले धावले. पुकारणाऱ्याने तोंडापुढे माईक धरला, तेव्हा तिने एका हाताने दुसरा खांदा धरून नाव सांगितलं. ओतिलिया बार्रासा, राहणार तोर्रेऑन. बायका रडत होत्या. कोणीतरी ओरडलं, "देखणी आहे रे!" आणि लोक हसले.

खांदा बरा होईपर्यंत ती घरीच होती. विंचविणीने दगा दिला एवढंच तिला माहीत होतं. त्याच दिवसांत रोसेंदोला राजधानीतून बोलावणं आलं. रिंगणातलं नाव ठरलं, एल तोल्वानेरो दुसरा. ओतिलियाने डाव्या हाताने त्याची बॅग भरली, आणि बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली.

पुढच्या वर्षी राजधानीतली बंदी खरंच उठली. विंचवीण मोठ्या रिंगणात उतरली, मुखवट्यासकट. ओतिलिया तेव्हा उघड्या चेहऱ्याने साल्तियोच्या जत्रेत खेळत होती. तिथेच एकदा खेळायला आलेल्या माक्लोव्हियाशी तिची गाठ पडली. कपडे बदलायच्या खोलीत ओतिलिया सरळ तिच्या अंगावर धावून गेली. मी सोबत होते. मधे पडले म्हणून माझाच ब्लाउज फाटला.

"झेललं का नाहीस? बोल! मान मोडली असती माझी!"

माक्लोव्हिया भिंतीला टेकली होती. ती खरंच गोंधळलेली दिसत होती. "तुला सांगितलं नाही? अगं बाई... मला म्हणाले, पोरीला सगळं माहीत आहे, ती उंचावरून येणार नाही, हळूच घसरणार आहे. तू एवढ्या उंच आलीस तेव्हा माझं काळीज थांबलं."

"कोण म्हणालं?"

"तुझे वडील. बार्सेनासबरोबर त्यांचंच बोलणं झालं होतं. तुझा मुखवटा मला, आणि तुझ्या भावाला राजधानी. तुझा भाऊही होता की तिथे. जेवलो आम्ही एकत्र."

परतीच्या बसमध्ये ओतिलिया माझ्या फाटलेल्या ब्लाउजला पिना लावत बसली. एकदाच म्हणाली, "अमाने माझी वेणी घातली होती." आणि मग मलाही त्या सकाळचं रडणं कळलं.

घरी गेलो तेव्हा डॉन उबाल्दो सूप पीत होते. ओतिलिया उभीच राहिली.

"अपा, माझा मुखवटा तुम्ही विकलात?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "बस. जेव आधी."

"रोसेंदोला माहीत होतं. अमाला माहीत होतं. मलाच का नाही सांगितलंत? सांगितलं असतं तर मी हरले असते. तुमच्यासाठी हरले असते!"

"सांगितलं असतं तर तू मानली नसतीस."

"विचारून तरी बघायचं!"

"हे बघ, तू पोरगी आहेस," ते शांतपणे म्हणाले. "चार वर्षांनी लग्न करशील, मुखवटा खुंटीला लागेल. त्याला दुसरं काय येतं? त्याचं काय झालं असतं?"

डोन्या कुका चुलीकडे तोंड करून उभी होती. ओतिलियाने तिच्याकडे बघितलं. ती वळली नाही. कपड्यांचं गाठोडं घेऊन ओतिलिया आमच्या घरी आली, माझ्या खोलीत दुसरी खाट टाकली. एका भिंतीचं अंतर, पण पलीकडे ती पुन्हा गेली नाही. बापाच्या मयतीला गेली, तीही सरळ दफनभूमीत.

लग्न तिने केलं नाही. वीस वर्षं उघड्या चेहऱ्याने कुस्ती खेळली, स्वतःच्या नावाने. आधी लोकांची लाडकी होती, आता रिंगणात नियम मोडून दांडगाई करणारी जी दुष्टांची बाजू असते, तिकडून खेळायला लागली. चावायची, पंचाला ढकलायची, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना शिव्या घालायची. लोक तिच्यावर लिंबाच्या साली फेकायचे आणि तिकीट काढून पुन्हा यायचे. ती उत्तम कुस्तीगीर होती हे मी म्हणते असं नाही, तिच्याशी खेळलेल्या सगळ्या बायका म्हणायच्या. कोणी वरून आलं तर ओतिलिया झेलायची. एकदाही चुकली नाही. पण स्वतः ती वरच्या दोरावर परत कधी चढली नाही.

रोसेंदोचं राजधानीत फार जमलं नाही. सुरुवातीला पोस्टरवर, मग पोस्टरच्या खालच्या ओळीत, मग गुडघा गेला आणि तो परत आला. ओतिलियाने तोवर कापसाच्या जुन्या गोदामात पोरींसाठी तालीम सुरू केली होती. तो दारात उभा राहिला. "तुझ्याकडे काही काम असेल तर..."

"अपांनी तुझी सोय केली होती ना?" ती म्हणाली आणि पोरींना उड्या मोजायला लावल्या. तो निघून गेला.

त्याची मुलगी इत्सेल मात्र आली. पंधरा-सोळाची, काटक, आत्यासारखीच टाळी वाजवत पडणारी. ओतिलियाने तिला चार वर्षं शिकवलं, पोटच्या पोरीसारखं. जेवायलाही घालायची. मग एके दिवशी रोसेंदोने निरोप पाठवला, की पोरगी आता तोल्वानेरा म्हणून उतरणार, मुखवटा घालून. ओतिलियाने इत्सेलला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. बार्सेनास, झेप, वेणी, सूप. काही सोडलं नाही.

इत्सेलने खाली मान घालून ऐकलं. "वाईट झालं, आत्या," ती म्हणाली. "पण मुखवट्याचं काय चुकलं? माझे पापा माझ्याशी असं करणार नाहीत."

"मीही हेच म्हणाले असते," ओतिलिया म्हणाली.

इत्सेल मे महिन्यात उतरली. मातकट मुखवटा, तपकिरी भोवरा, कोपऱ्यात रोसेंदो. मी जाऊन आले. पोरगी छान खेळली. दुसऱ्या दिवशी तसं सांगायला गोदामात गेले, तर ओतिलिया गादीची फाटलेली शिवण टाचत बसली होती.

"डाव्या खांबावरून गेली?" तिने विचारलं.

"गेली."

"खाली बघितलं?"

"नाही बघितलं."

तिने दाताने दोरा तोडला आणि मला म्हणाली, "जरा ते दुसरं टोक धर, उलटायची आहे." आम्ही दोघींनी गादी उलटली.