जयमाला सिस्टरनी हरवलेली गोधडी

जयमालाताईंचं नाव काढलं की पावण्याच्या कारखान्यांकडची जुनी माणसं अजून तोंड वाकडं करतात. "ती नर्स ना, जिच्या हातनं हौसेराव गेला?" असं विचारतात. मी ऐकून घेते आणि गप्प बसते. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. पण या एका बाबतीत त्या बाईने माझं तोंड शिवून टाकलंय.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. कोपरखैरण्याला श्यामसुंदर डॉक्टरांचं छोटं नर्सिंग होम होतं. आसपासच्या कारखान्यांत कुणाचं बोट मशीनमध्ये गेलं, कुणाच्या अंगावर अ‍ॅसिड उडालं, की रिक्षात घालून आमच्याकडे आणायचे. जयमालाताई तिथल्या सिनियर सिस्टर. मी नुकताच कोर्स संपवून लागलेली. सिडकोच्या एका खोलीत आम्ही दोघी भाड्याने राहायचो. त्या मूळच्या रोह्याकडच्या. उंच, हाडकुळ्या, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या. "पेशंट काय कमी आहेत डोकं खायला," म्हणायच्या. ताईंना शिकवल्याशिवाय राहवायचं नाही. समोरचा शिकायला आलाय की भाजी घ्यायला, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे.

हौसेरावला आणलं तेव्हाही त्या शिकवतच होत्या. हा पाटणकडचा गडी पावण्याच्या एका लहानशा कारखान्यात कामाला होता. शेतीच्या फवारणीचं औषध पिंपातून बाटल्यांत भरायचं काम. पाइप निसटला आणि ते सगळं त्याच्या छातीवर सांडलं. फडक्याने पुसून पठ्ठ्या पुढे काम करत राहिला. आमच्याकडे आला तेव्हा घामाने निथळत होता, तोंडातून लाळेची धार, छातीत घुरघुर, आणि डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"आधी कपडे काढा, साबणाने अंग धुवा, केस कापा," ताई ओरडल्या. "औषध नंतर. कातडीतून आत जातंय ते आधी थांबवा." त्याचे कपडे त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बाहेर टाकायला लावले. मग आम्ही या विषावरचा उतारा, अ‍ॅट्रोपिन, फोडायला बसलो. इवल्याशा काचेच्या अ‍ॅम्प्युल्स, एकामागून एक. बोटं कापून घेतली, त्यावर चिकटपट्टी लावली आणि पुन्हा फोडत बसलो.

"हे बघ," त्या सुई टोचता टोचता मला सांगायला लागल्या. "आपण न सांगता शरीर जी कामं करतं ना, लाळ, घाम, आतडं, छातीतला चिकटा, त्यांना नसा निरोप देतात. दारावरची बेल वाजवावी तसा. वाजली, काम झालं, बंद झाली. हे विष काय करतं, बेल बंद करणाऱ्यालाच मारून टाकतं. मग ती वाजतच राहते. सगळे नळ एकदम सुटतात. माणूस आपल्याच पाण्यात बुडतो."

"मग अ‍ॅट्रोपिन बेल बंद करतं?"

"नाही. कानात बोळे घालतं. बेल वाजतच असते, फक्त ऐकू येत नाही. आणि एक लक्षात ठेव, श्वास ओढणारे जे स्नायू असतात, त्यांच्या कानात हे बोळे बसत नाहीत. म्हणून नुसत्या बाहुल्या बघून खूश व्हायचं नाही. छाती ऐकायची. तोंड सुकलं का, नाडी वाढली का, श्वास किती खोल जातोय, सारखं बघायचं."

अ‍ॅट्रोपिन चढलं तसे सगळे नळ बंद झाले. छाती मोकळी झाली, जीभ लाकडासारखी कोरडी पडली, बाहुल्या मोठ्या झाल्या. अंग तापलं, लघवी अडली, मग नळी घालावी लागली. आणि हौसेराव बडबडायला लागला. हवेतून काहीतरी वेचायचा, चादर चिमटीत धरून ओढायचा, मेलेल्या आईशी बोलायचा. औषध पुरेसं पोचल्यावर असं होतं, हे आम्हाला ठाऊक होतं. त्याच्या बायकोला, राजाबाईला, कोण समजावणार? तिने बघितलं ते एवढंच की नवरा बोलत-ओळखत आला होता आणि आम्ही सुया टोचून त्याला भ्रमिष्ट केला. "पानी बी देत न्हाईत वो," ती येईल त्याला सांगायची. "घसा वाळलाय त्येचा, आन ह्या म्हनत्यात वाळू द्या."

जयमालाताई तिला जवळ घेऊन बसायच्या. ओल्या कापसाने हौसेरावचे ओठ पुसायला त्यांनी तिला शिकवलं. त्या तशा रागीट, पण राजाबाईवर त्यांचा जीव बसला होता. घरी आल्यावरही तिच्याबद्दलच बोलायच्या. "बाईला वाटतंय मी तिच्या माणसाला मारतेय. बरा झाला की मग कळेल तिला," म्हणायच्या.

आणि तो खरंच बरा व्हायला लागला. अ‍ॅट्रोपिन हळूहळू उतरवलं, तसा शुद्धीवर आला. राजाबाईला नावाने हाक मारली. ती हसली तेव्हा मला दिसलं की तिला दोन दात नव्हते. त्या दिवशी वॉर्डात सणासारखं वातावरण होतं.

थंडीचे दिवस होते आणि नर्सिंग होमची कांबळी म्हणजे नुसती नावाला. हौसेराव कुडकुडत म्हणाला, "माजी गोधडी आना की. कारखान्यात ऱ्हायलीया."

ती गोधडी राजाबाईने स्वतः शिवली होती. तिच्या आईचं लुगडं, तिचं लग्नातलं पातळ, सासऱ्याचं धोतर, सगळं त्यात होतं. डबल शिफ्ट असली की हौसेराव तीच कारखान्यात अंथरून पडायचा. राजाबाई तशीच उठून गेली आणि काखोटीला मारून गोधडी घेऊन आली. बाहेरचं अंथरूण-पांघरूण वॉर्डात आणायचं नाही, असा आमचा नियम. ताईंनीच तो केलेला. राजाबाई दारात उभी राहून म्हणाली, "शिस्टर, एवढं तरी करू द्या मला. समदं तुमीच करताय."

ताईंनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "घाल," म्हणाल्या.

राजाबाईने अर्धी त्याच्या अंगाखाली सारली, अर्धी वरून घातली, कडा खोचल्या. तिचे डोळे गळत होते, नाकही. नवरा मरता मरता वाचलेल्या बाईचे डोळे गळले तर त्यात कुणाला काय वाटणार? फवारणीच्या औषधाचा वास येत होता, पण तो हौसेराव आल्यापासून सगळ्या खोलीलाच होता.

दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा लाळ सुटली. बाहुल्या आक्रसल्या, छाती भरली. डॉक्टर म्हणाले, हे विष चरबीत साठून राहतं, असं उलटतं कधी कधी. ते काही खोटं नव्हतं, पुस्तकातही तसंच आहे. आम्ही पुन्हा अ‍ॅम्प्युल्स फोडायला लागलो. ताई त्याच्या उशापासून हलल्या नाहीत. लाळ आटायची, पुन्हा सुटायची. मग त्याची मान ढिली पडली, उशीवरून डोकं उचलेना, श्वास उथळ झाला. ज्या स्नायूंच्या कानात बोळे बसत नाहीत म्हणाल्या होत्या, तेच थकले. आमच्याकडे श्वासाचं मशीन नव्हतं. मोठ्या हॉस्पिटलची गाडी येईपर्यंत ताई हाताने श्वास द्यायचा रबरी फुगा दाबत राहिल्या. गाडी आली तेव्हा दाबण्यात काही अर्थ उरला नव्हता. गोधडी शेवटपर्यंत त्याच्या अंगाखाली होती.

विषाची केस म्हणून पोलीस आले, प्रेत तपासणीला गेलं, मग राजाबाईचे भाऊबंद तिला आणि त्याला गावी घेऊन गेले. गोधडी खाटेवर तशीच पडली होती. लाळेने, घाणीने भरलेली. "अशी कशी परत द्यायची तिला," म्हणून ताई ती छातीशी धरून घरी घेऊन आल्या. सुट्टीच्या दुपारी मोरीत बसून, बादलीभर गरम पाण्यात, नुसत्या हातांनी घासत बसल्या. मी आत भात लावत होते.

"अगं, आभाळ आलंय का?" त्यांनी विचारलं. बाहेर लख्ख ऊन होतं. मी वळून बघितलं तर त्यांचं नाक गळत होतं, ओठांच्या कडेला लाळ जमली होती. त्या उठल्या, भिंतीवरच्या आरशापाशी गेल्या, आणि पापणी ओढून त्यांनी त्यात बघितलं.

"माझे डोळे बघ," म्हणाल्या.

मी बघितले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

त्या मला काही समजावत बसल्या नाहीत. पहिल्यांदाच. कारखान्याच्या फरशीवर पिंपं गळायची, त्यावर हौसेराव गोधडी अंथरायचा, आणि ती किती दिवस ते विष पीत राहिली असेल कोण जाणे. आम्ही त्याचे कपडे बांधून टाकले, केस कापले, अंग घासलं, आणि मग त्याला त्याच विषात गुंडाळून ठेवलं. आणि वरून कानात बोळे घालत राहिलो. मी ताईंना ओढत मोरीत नेलं, साबणाने धुतलं, रिक्षात घातलं, आणि आमच्याच नर्सिंग होममध्ये त्यांनाच अ‍ॅट्रोपिन टोचलं. वाचल्या. गोधडी त्यांनी प्लॅस्टिकात गुंडाळून लांब खड्डा खणवून पुरली. मग पावण्याला जाऊन कारखान्याच्या फाटकापाशी उभ्या राहिल्या आणि सुटणाऱ्या माणसांना सांगत सुटल्या, आत झोपू नका, आतलं अंथरूण घरी नेऊ नका. रखवालदाराने त्यांना हाकललं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. गोधडीचं नाव मात्र कुणाकडे घेतलं नाही.

दिवसपाणी उरकून राजाबाई परत आली ती थेट आमच्याकडे. सुकून अर्धी झाली होती. "माजी गोधडी द्या," म्हणाली. "आयचं लुगडं हाय त्यात. त्येचा वास बी आसंल."

मी ताईंकडे बघत होते. खरं सांगतील असंच मला वाटलं. जन्मभर दुसरं केलंय काय त्यांनी?

"हरवली," ताई म्हणाल्या.

राजाबाईला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "मानूस बी गेला आन गोधडी बी? त्यो तर बरा झालता. माज्याशी बोलला. मग कशानं गेला, सांगा मला!"

"औषध माझ्या हातून कमी पडलं," ताई म्हणाल्या. "चूक माझी आहे."

राजाबाईने मारायला हात उगारला आणि तो तसाच स्वतःच्या कपाळावर मारून घेतला. ती गेल्यावर मी ताईंना काय वाटेल ते बोलले. असलं पुण्य मिळवायची हौस असेल तर देवळात जाऊन बसा, असंसुद्धा बोलले. शेवटी ताई म्हणाल्या, "तिने आपल्या हाताने शिवली, आपल्या हाताने आणली, आपल्या हाताने खोचली. हे कळल्यावर ती जगेल का, सांग. आणि आत घ्यायला परवानगी मीच दिली ना? मग खोटं काय बोलले मी?" वर मला शपथ घातली.

पुढे व्हायचं ते झालं. पावण्याहून पेशंट येईनात. चार माणसं येऊन दारात ओरडून गेली. डॉक्टरांनी ताईंना "काही दिवस" घरी बसायला सांगितलं, आणि ते दिवस संपलेच नाहीत. बेलापूरला एका मुलांच्या दवाखान्यात त्या लसी टोचायला लागल्या. शिकवणं बंद झालं. मी भेटायला गेले की चहा करायच्या, बोलायच्या कमी. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्यासाठी रडूही यायचं. कारखाना चालूच होता. त्याच्याकडे बोट दाखवायचं तर गोधडी उकरावी लागली असती.

नव्याण्णव साली मी तुर्भ्याच्या एका दवाखान्यात होते. मार्केटमध्ये लसूण निवडणाऱ्या बायका तपासून घ्यायला आल्या होत्या, त्यांच्या रांगेत राजाबाई दिसली. तिनेही मला ओळखलं. छातीत धडधडतं, घाम सुटतो, जीव घाबरा होतो, म्हणत होती. प्रेशर वाढलेलं होतं. डॉक्टरांनी धडधड कमी करायची गोळी लिहून दिली. मी तिला बाकावर बसवून पुन्हा एकदा प्रेशर घेत होते.

"ती शिस्टर हाय का अजून?" तिने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. खरं तर आदल्याच रविवारी मी बेलापूरला जाऊन आले होते. इतकी वर्षं मी मनात घोकत होते, की ही बाई कधी भेटली तर शपथ गेली खड्ड्यात, सगळं सांगून टाकायचं. वाक्यंही तयार होती. मी तोंड उघडलं.

"तिचं तिच्यापाशी," राजाबाई म्हणाली. "म्या काय केलं न्हाई म्हनून लई रडायची मी. समदं तुमीच करत हुता, मी नुसती बघत बसलेली. पर येक समाधान हाय बगा. शेवटाला मी त्येला गोधडी घातली. जाताना माज्या हातची ऊब घिऊन गेला. त्यावरच जगतीया मी."

तिने हात पुढेच धरून ठेवला होता. मी पट्टा सोडला आणि गोळ्यांची पुडी तिच्या मुठीत दिली.

"रोज सकाळी एक घ्यायची," मी म्हणाले. "मधेच बंद करायची नाही. आणि मीठ कमी खा."