शोभनाताईंची दान-वही

शोभना गजभिये लॅटिन शिकल्या, त्या नाचायला जाऊन. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या सार्वजनिक वाचनालयात 'बिगिनर्स लॅटिन, मोफत' असा कागद त्यांना बोर्डावर दिसला. नवरा रवी दिवसभर ऑफिसात, मुलगी हर्षिता शाळेत, डिपेंडंट व्हिसावर नोकरीची सोय नाही आणि बाहेर गुडघाभर बर्फ. घरात बसून वजन वाढवण्यापेक्षा साल्सा काय वाईट, असं म्हणून त्या पिशवीत नाचायचे बूट घालून गेल्या. आत पाहतात तो पांढऱ्या केसांची चार माणसं टेबलाभोवती बसून धातू चालवत होती. एका आजीबाईंनी लगेच खुर्ची ओढून दिली. आता उठून जाणं बरं दिसणार नाही म्हणून ताई बसल्या, आणि मग वर्षानुवर्षं बसतच राहिल्या. नागपुरात शाळेत पाली घेतलेलं असल्यामुळे विभक्त्यांना त्या भीत नव्हत्या.

ग्रीन कार्ड आलं तेव्हा याच लॅटिनच्या जोरावर त्यांना विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम मिळालं. कामाचं नाव भलंमोठं होतं. प्रत्यक्षात करायचं एवढंच की ग्रेग नावाचा फोटोग्राफर जुन्या हस्तलिखिताचं पान टिपेपर्यंत ते अलगद धरून ठेवायचं आणि मग उलटायचं. नागपूरहून बहिणीनं फोनवर विचारलं, तू एवढी शिकून अमेरिकेत पानं उलटतेस? ताई म्हणाल्या, हो, पण कातड्याची.

त्या वर्षी त्यांच्या हाती आली फ्रान्समधल्या एका मठाची आठशे वर्षांपूर्वीची नोंदवही. मठाला कोणी कुठलं शेत दिलं, कोणी पाणचक्की दिली, कुठल्या गावच्या चर्चचं उत्पन्न मठाकडे आलं, हे सगळं साधूंनी टाकानं एकसारख्या अक्षरात उतरवून ठेवलेलं. शेताच्या हद्दी म्हणजे 'वाकड्या झाडापासून ओढ्यापर्यंत' अशा. एका विधवेनं शेत दिलं होतं, पण बांधावरच्या अक्रोडाची फळं मी जिवंत आहे तोवर माझीच, असं ठणकावून लिहून घेतलं होतं. प्रत्येक दानाखाली साक्षीदारांची नावं, आणि शेवटी शाप. जो कोणी हे दान मोडेल त्याला जमीन गिळो, नरकात त्याला येशूचा घात करणाऱ्या यहूदाच्या शेजारी जागा मिळो. ताई पान धरून वाचत बसायच्या आणि ग्रेगला 'टर्न' म्हणून आठवण करून द्यावी लागायची.

आता ताईंच्या आयुष्यातली दुसरी संस्था म्हणजे मैत्री संघ. आसपासची बौद्ध कुटुंबं, बहुतेक विदर्भातली, रविवारी एका चर्चच्या तळघरात वंदनेला जमत. वर चर्च, खाली विहार. संघाची मालमत्ता तळघरातल्या एका कपाटात आणि उरलेली लोकांच्या गाड्यांच्या डिकीत. तिचा हिशेब राहावा म्हणून अध्यक्ष देवदत्त रामटेके यानं एक स्प्रेडशीट केली होती. तो आयटीत होता. तिच्यात पहिली ओळ त्याची होती आणि शेवटचीही तीच.

ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचं जेवण झालं आणि संघाचा गंज गायब झाला. गंज म्हणजे मोठं पातेलं, नागपूरकडचा शब्द. साधंसुधं नव्हतं ते. संघातल्या राजाराम काकांनी घरसामानाबरोबर बोटीनं आणलेलं, शंभर माणसांचा भात शिजेल असं. काकांनी तीन रविवार तोंड पाडलं. देवदत्तनं ग्रुपवर मेसेज टाकला, ज्याच्याकडे असेल त्याने प्लीज रिटर्न करा. खाली सगळ्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. गंज काही आला नाही.

तेव्हा शोभनाताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की आपण एक वही करू. कोणी काय दिलं ते साक्षीदारांसकट लिहू. देवदत्त म्हणाला, ताई, शीट आहे ना. ताईंनी त्याला सांगितलं, कार्ल्याच्या लेण्यात खांबाखांबावर देणाऱ्याचं नाव कोरलंय, म्हणून आज दोन हजार वर्षांनी आपल्याला ते माहीत आहे. तुझ्या शीटचा पासवर्ड तुला तरी आठवतो का? देवदत्तला खरोखरच आठवत नव्हता.

पुढच्या रविवारी ताई जाड कागदाची, स्वतः शिवलेली वही घेऊन आल्या. वर सुबक अक्षरात लिहिलं होतं 'दानवही'. राजाराम काकांनी चष्मा वर करून मोठ्यानं वाचलं, "दानव ही? कोण?" हशा पिकला. ताईंनी तिथल्या तिथे मधे आडवी रेघ मारून 'दान-वही' केलं.

पहिली नोंद गंजाची. 'सर्वांना ठाऊक असो की राजाराम मेश्राम आणि त्यांच्या पत्नी गिरजाबाई यांनी स्वखुशीनं संघाला एक गंज दिला, झाकणासह, डाव्या कानाला पोचा आहे तो.' पुण्याच्या आश्लेषानं पातेलं लिहा म्हणून सुचवलं. काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं साक्षीदार म्हणून मुकाट सही केली.

आधी लोकांना गंमत वाटली. मग प्रत्येकालाच आपलं नाव वहीत हवंसं वाटू लागलं. कोणी चटया दिल्या होत्या, कोणी एक्स्टेन्शन कॉर्ड. दोन कुटुंबं एकाच माइकवर हक्क सांगू लागली आणि दोघांकडेही साक्षीदार तयार. एका गृहस्थांनी पूर्वीच्या तारखेनं नोंद करा म्हणून ताईंना बाजूला घेऊन विनवलं. ताईंना साधूंची आठवण झाली. कागद हरवला की तेही सोयीस्कर जुना कागद तयार करत, असं ग्रेग सांगायचा. क्षणभर त्यांनाही मोह झाला, कारण ते गृहस्थ बिचारे खरंच बोलत असावेत. पण त्यांनी 'असे ते म्हणतात' एवढं लिहून सोडवणूक केली.

खरा पेच आला शापापाशी. ताईंनी यहूदाचा शाप वाचून दाखवला आणि असं काहीतरी शेवटी हवं म्हणाल्या. मग गिरजाबाई हळूच म्हणाल्या की आपण आत्ताच सगळ्या प्राणिमात्रांचं मंगल चिंतून उठलो आणि लगेच शेजाऱ्याला नरकात धाडायचं, हे काही बरोबर नाही. नरक मानायचा का, यावर अर्धा तास चर्चा झाली. देवदत्तनं मतदान घ्यायची तयारी केली. शेवटी ताई म्हणाल्या, "ठीक आहे. शाप नको. मी त्याचं भलंच चिंतते."

त्यांनी लिहिलेलं त्याच दिवशी वाचून दाखवलं.

"जो कोणी संघाचा गंज घरी नेऊन परत आणायचा विसरला असेल, त्याचं मंगल होवो. त्याच्या मुलाबाळांचं मंगल होवो. त्या गंजात शिजलेलं अन्न त्याला गोड लागो, आणि प्रत्येक घासाला त्याला आमची आठवण येवो. त्याचं नाव कळताच दर रविवारी वंदनेनंतर संपूर्ण संघ त्याचं नाव घेऊन त्याच्यासाठी मैत्री भावना करील."

कॉलेजातून सुट्टीला आलेली हर्षिता मागच्या रांगेतून म्हणाली, "मॉम, दॅट्स सो पॅसिव्ह-अग्रेसिव्ह."

संघाला मात्र ते पटलं. धम्मात बसणारं होतं आणि अंगावर काटाही आणणारं होतं.

परिणाम आठवड्याच्या आत दिसला. पुढच्या रविवारी तळघराच्या दाराशी तीन गंज उभे होते. कोणी आणून ठेवले ते कोणी पाहिलं नाही. त्यातला एकही राजाराम काकांचा नव्हता. एकावर गुजराती समाजाचं नाव कोरलेलं, एक कुणाच्या तरी सासूबाईंचा, आणि तिसरा मुळात कुकर होता. सोबत दोन डाव, एक किसणी आणि गेल्या वर्षीच्या सहलीतली ताडपत्री. ज्याच्या ज्याच्या मनाला काही टोचत होतं त्यानं ते आणून टाकलं होतं. गुजराती समाजाला फोन करून त्यांचं पातेलं परत करावं लागलं, तर त्यांनाच संकोच वाटला. आमच्याकडेही तुमच्या दोन चटया आहेत म्हणाले.

काकांचा गंज सापडला तो वरच्या मजल्यावर. ताई कॉफीसाठी दूध मागायला चर्चच्या स्वयंपाकघरात गेल्या, तर शेगडीवर डाव्या कानाला पोचा असलेला गंज, आणि त्यात पास्टर लिंडा राजमा ढवळताहेत. बुधवारच्या सामुदायिक जेवणाला त्यांनी तो ऑक्टोबरपासून वापरला होता. तळघरातल्या सिंकपाशी दिसला, वाटलं चर्चचाच. इतकं छान भांडं आपल्याकडे आहे हे इतकी वर्षं कसं लक्षात आलं नाही, याचं त्यांना नवलही वाटलं होतं.

पास्टरबाई ओशाळल्या. ताई त्यांना खाली घेऊन आल्या, वही दाखवली, मजकुराचं इंग्रजी करून सांगितलं. मंगल चिंतणाऱ्या परिच्छेदाशी पास्टरबाई थांबल्या आणि म्हणाल्या की आपल्यासाठी कोणी एवढं मंगल चिंतलंय हे आधी कळलं असतं तर झोप लागली नसती. मग त्यांनी विचारलं, "हे तळघर तुम्हाला दिल्याचं कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. आधीच्या पास्टरनं हो म्हटलं होतं आणि तेवढ्यावर सगळं चाललं होतं. चर्चच्या समितीत नवी माणसं आली होती, ती अधूनमधून विचारत, खाली कोण असतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी, प्रार्थना आणि वंदना दोन्ही आटोपल्यावर, वरची माणसं खाली आली. ताईंनी आदल्या आठवड्यात ग्रेगला मजकूर दाखवून लॅटिन तपासून घ्यायचा प्रयत्न केला होता, पण ग्रेगला फक्त कॅमेरा येत होता. म्हणून चुका असतील तशा ठेवून त्यांनी मराठी, इंग्रजी आणि लॅटिन अशा तिन्ही भाषांत लिहिलं: की या चर्चनं स्वखुशीनं मैत्री संघाला रविवारी तळघर दिलं, जिन्याच्या खालच्या पायरीपासून बॉयलरच्या दारापर्यंत, बॉयलर सोडून, आणि संघानं चर्चला बुधवारी गंज दिला, घासून परत करण्याच्या बोलीवर. राजाराम काकांनी मान डोलावली. मठाला मिळालेली दानं वाचत आलेल्या ताईंना एका चर्चनं विहाराला दिलेलं दान आपल्या हातानं लिहिताना जरा भरून आलं, पण शाई ओली होती म्हणून त्यांनी डोळे पुसले नाहीत.

सह्यांच्या वेळी डॉरोथी नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं की माझं नाव तुमच्या अक्षरात कसं दिसेल. ताईंनी ते शेजारी लिहून दिलं. बाईंनी ते बोटानं गिरवलं, फोटो काढला आणि मागच्या माणसाला दाखवला. मग त्यालाही हवं झालं. पाहता पाहता जिन्यापर्यंत रांग लागली. कोणी नातवाचं नाव लिहून मागे, कोणी कुत्र्याचं. गिरजाबाई दोनदा येऊन वडे गार होताहेत म्हणून सांगून गेल्या. ताईंनी मान वर न करता डावा हात पुढे केला, एक वडा तोंडात टाकला आणि पुढच्या माणसाला विचारलं, "नाव?"